एका माणसाचा तंबू

फळी वाकली तेव्हा बाबा तिच्याच खाली होते. तंबूची पेटी जीपच्या छपराला टेकायला हातभर अंतर राहिलं होतं, आणि तिथेच ती तिरकी होऊन बाबांच्या डोक्यावर येऊन थांबली. बोलण्यातलं डोकं नाही, खरंखुरं डोकं. वर पेटीला डावा हात आणि टाळू, आणि उजवा हात कोपरात दुमडून छातीशी, खिशातलं काही सांडू नये म्हणून धरल्यासारखा.

मी धावले.

"हात लावू नकोस."

"मान मोडेल बाबा."

"मोडू दे. सोमवारी तू नसणारेस."

मग मी उभी राहिले. दुसरं काय करणार. बाबा गुडघ्यातून हळूहळू खाली बसत गेले, पेटी त्यांच्यावरून फळीवर, फळीवरून जमिनीवर घसरली आणि धप्पकन बसली. बाबाही तिच्या शेजारी बसले. कपाळावर पेटीच्या कडेचा लाल वळ उठला होता. मी रागाने फळीला लाथ घातली, तर ती उलटून माझ्याच नडगीवर आदळली. एरवी बाबा हसले असते. हसले नाहीत.

शुक्रवार होता, दुपारचे चार. सोमवारी दहा वाजता साहेब येणार होते.

बाबांचं काम एका वाक्यात सांगता येतं, म्हणून लोकांना ते काम वाटतच नाही. ते विहिरी मोजतात. खात्याने नेमून दिलेल्या एकेचाळीस विहिरी. वर्षातून चार वेळा प्रत्येकीत फीत सोडायची, टोकाला पाणी लागलं की वरच्या डबीत शिट्टी वाजते, तो आकडा लिहायचा आणि पुढच्या विहिरीला लागायचं. सव्वीस वर्षं हेच. त्या भागात सगळे त्यांना फीतवाले म्हणतात. दुसऱ्यांच्या घरात जेवताना नातेवाइकांच्या गोष्टी निघतात, आमच्याकडे विहिरींच्या. सातवीत पारव्यांनी घरटी केली, तेविसावी दीड मीटरने खाली गेली. एकोणिसाव्या विहिरीवर एक म्हातारी दर वेळी यांची वाट बघत बसलेली असते आणि विचारते, पुरेल का? बाबा दर वेळी म्हणतात, पुरेल. मी एकदा विचारलं, खरंच पुरतं का, तर म्हणाले, आजवर पुरलंय.

विहिरी डोंगरापलीकडे, राहायला जागा नाही, म्हणून जीपच्या छपरावर तंबू. बंद केला की मोठ्या सूटकेससारखी पेटी, उघडला की दोन माणसं झोपतील एवढी खोली, गादीसकट, शिडीसकट. वजन पासष्ट किलो. दौरा संपला की तो उतरवायचा, कारण मधल्या काळात जीप साहेबांना लागते आणि डोक्यावर तंबू घेऊन गावात फिरणं त्यांना शोभत नाही. ऑफिसात ठेवायला जागा नाही म्हणून तो आमच्या घरामागच्या शेडमध्ये. तेरा वर्षं त्याचं एक टोक बाबा धरायचे आणि दुसरं मामा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बाबांचा मदतनीस. अंगणात जीप लावायची, दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, एकजण नुसतं "हं" म्हणायचा, की तंबू वर. आईचा चहा गार व्हायच्या आत नट आवळून झालेले असायचे.

दोन महिन्यांपूर्वी मदतनिसाची जागा रद्द झाली. मामा सिमेंटच्या गोदामात लागला. तेव्हापासून तो आमच्याकडे फिरकला नाही, आणि आई बाबांशी सरळ बोलायची थांबली. जे काही असेल ते माझ्यामार्फत. "तुझ्या बाबांना सांग, पाणी तापलंय." बाबा तिच्यापासून दोन हातांवर बसलेले. मी निरोप देत नसे, दोघांनी ऐकलेलंच असायचं. मला वाटायचं, भावाची नोकरी गेली म्हणून ती खात्यावर चिडलीये आणि खातं घरात येत नाही म्हणून बाबांवर काढतेय.

त्यात हा खांदा. मागच्या दौऱ्यात बाबा एका विहिरीच्या कठड्यावरून घसरून पडले. तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस डाव्या हाताने विंचरतात, भांग चुकतो. ऑफिसात कोणाला पत्ता नाही. आणि नव्या साहेबांचं पत्र आलं: यापुढे एका जीपवर एकच माणूस, ज्याला तंबू एकट्याने चढवता येईल त्यालाच दौरा. कसा चढवायचा ते ज्याचं त्याने बघावं, पण दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. साहेब स्वतः येऊन बघणार. बाबांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. दौरा गेला तर ऑफिसात त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती, कधीच नव्हती. दौरा मंगळवारी निघायचा होता म्हणून जीप शुक्रवारीच घरी आलेली.

मी तेव्हा घरीच होते. शाळा दहावीत सुटली, म्हणजे बाईंच्या टेबलावर वही आपटून निघाले ती परत गेले नाही. मग शिवणकाम, मग झेरॉक्सचं दुकान, मग चौकातल्या पंक्चरवाल्याकडे सात महिने. तिथेही एका गिऱ्हाइकाला काहीतरी बोलले. बोलले ते खरं होतं, पण खरं बोलायला पगार नसतो.

शनिवारी सकाळी बाबांनी फळ्यांचा नाद सोडला. पेटी उभी करून जीपच्या कुशीला टेकवायची आणि खालून ढकलत छपरावर आडवी पाडायची, असं ठरवलं. कमरेपर्यंत आली. छातीपर्यंत आली. तिथून पुढे दोन्ही हात वर लागतात. बाबा वळून पाठ लावून ढकलायला लागले. पेटीच्या कोपऱ्याने जीपचा रंग वीतभर खरवडला आणि ती परत त्यांच्या पाठीवर आली. मग दोरी. दोरीचे दोन फेर पेटीखालून घ्यायचे, टोकं जीपवरून पलीकडे टाकायची आणि पलीकडून ओढायचं, पिंप चढवतात तसं. पेटी खरंच चढायला लागली. बाबा एका हाताने ओढायचे, दोरी कमरेला गुंडाळायचे, परत ओढायचे. मी तोंड दाबून उभी. मग डावा हात ओला झाला असावा. दोरी सरकली आणि तळव्याची साल घेऊन गेली.

बाबा हात झटकत पायरीवर बसले. मग म्हणाले, "सरडा कसा चढतो गं भिंतीवर?"

मी म्हटलं, "सरड्याला साहेब नसतो."

आई दारात येऊन गेली. हळदीची वाटी माझ्या हातात ठेवली. "तुझ्या बाबांना दे."

बाबांचा चेहरा मला बघवेना. हरलेल्या माणसाचा असता तर चाललं असतं. तो विचार करणाऱ्या माणसाचा होता, आणि विचार सगळे संपले होते. मी सायकल काढली. गोदामात पोती उचलायची चेन पुली असते, मी बघितली होती. साखळी ओढत राहिलं की हत्तीसुद्धा वर जाईल, आणि ती एका हाताने ओढता येते.

मामा पोत्यांच्या थप्पीवर उभा होता. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, दोन महिन्यांत म्हाताऱ्याचं सोंग घेतल्यासारखा.

"काय गं ठिणगी. कोणाशी भांडून आलीस?"

"अजून नाही."

तो खाली उतरला. मी सगळं सांगितलं, पत्र, फळ्या, दोरी. ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं ते खांद्याचं. हात किती वर जातो, शेक देतात का. त्याला माहीत असणारच. त्यानेच बाबांना कठड्यापासून जीपपर्यंत आणलं होतं आणि आजवर कोणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं. मी बोलत सुटले. म्हटलं, खात्याने आधी तुला काढलं, आता बाबांच्या मुळावर उठलेत.

मामाने तोंडावरचा फडका काढला. "खात्याने?"

"मग कोणी?"

"तुला सांगितलं नाही वाटतं कोणी." तो इकडेतिकडे बघायला लागला, जसं काही कोणी हाक मारून त्याला सोडवेल. कोणी मारली नाही. "नव्या साहेबांनी सगळ्यांसमोर दाजींना विचारलं, मदतनीस लागतोच का तुम्हाला? मी फीत घेऊन दारात उभा. दाजी म्हणाले, नाही साहेब, मी एकटा करतो सगळं. हा आपला सोबतीला असतो."

मी शेजारच्या पोत्यावर बसले.

"त्यांना वाटलं, वय काढतायत. खांदा कळेल. घाबरले. मीही घाबरलो असतो." त्याने फडका झटकला, पांढरा ढग उठला. "पण मी दारात होतो गं."

पुली त्याने स्वतः सायकलला बांधून दिली. मालकाला विचारलेलं नाही, सोमवारी संध्याकाळच्या आत परत हवी, म्हणाला. आणि म्हणाला की शेडची लोखंडी तुळई मधे गंजलीये, भिंतीकडे बांधायला सांग. मी म्हटलं, तूच ये ना. तर म्हणाला, "एकट्याने करायचंय ना त्यांना." टोमणा मारल्यासारखं नाही म्हणाला. म्हणूनच लागलं.

वाटेत मी बरंच काही जुळवलं. घरी गेल्या गेल्या काय काय बोलायचं, कुठल्या शब्दाने सुरुवात करायची. अंगणात पोचले तेव्हा बाबा हळद लावलेल्या हाताने दोरी सोडवत बसले होते. मी पुली त्यांच्या पायापाशी टाकली.

"मामाने दिली."

"काय म्हणाला?"

"भिंतीकडे बांधा म्हणाला. मधे गंज आहे."

बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे त्यांना कळलं. मी जुळवलेलं सगळं जिभेवर होतं. पण ते आधीच फडक्याने साखळी पुसायला लागले होते, एकेक कडी, बोटाच्या पेराने. साखळीला पुसण्यासारखं काही नव्हतं. मी आत निघून गेले. आईने खिडकीतून पुली बघितली आणि मोठ्याने म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, माझ्या भावाची वस्तू आहे. जपून."

रविवार सोन्यासारखा गेला. तुळईला भिंतीकडे पुली टांगली, पेटीला चार पट्टे बांधले, बाबा साखळी ओढायला लागले. खड खड खड. पासष्ट किलो जमिनीवरून उठले आणि कोणाच्याही डोक्यावर न येता हवेत लटकले. बाबांनी जीप मागे घेत बरोबर खाली आणली, साखळी उलटी ओढली, पेटी कॅरियरवर अलगद बसली. नट कॅरियरच्या खालून, हात वर घातल्याशिवाय लागत नाहीत. बाबांनी पाना एका काठीला बांधला आणि शिडीवर बसून, खांदा न उचलता, चारही नट आवळले. मी घड्याळ लावून होते. पन्नास मिनिटं.

मग बाबा जीप बाहेर काढायला बसले, आणि मी ओरडले.

तेरा वर्षं तंबू अंगणात चढत होता. शेडमध्ये तो जीपवर कधी चढलाच नव्हता. शेडच्या दाराची चौकट तंबूच्या माथ्यापेक्षा चार बोटं खाली होती. तंबू वर, जीप आत, आणि दोघं मिळून कायमचे आत.

बाबा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींपेक्षा राग. मी जीपभोवती फिरले. चाकांवर नजर गेली. सात महिने मी दुसरं काय बघत होते.

"बाबा, हवा सोडा."

"काय?"

"चारही चाकांतली. बसेल ती."

बाबांनी हवा सोडली. जीप सुस्कारा टाकत खाली बसली. मी मागच्या फाळक्यावर, त्या खाली पडणाऱ्या अर्ध्या दारावर, चढून बसले, वर बघत, हाताने खूण करत. हळू, हळू, अजून. तंबू चौकटीखालून गेला, मधे एक बोट फट. अंगणात आल्यावर बाबांनी पायाच्या पंपाने हवा भरली. मग परत हवा सोडून, आत नेऊन तंबू उतरवला, आणि परत चढवला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी अडतीस मिनिटं. प्रत्येक वेळी मी फाळक्यावर बसून फट बघितली, प्रत्येक वेळी एक बोट. आईने चहा आणला आणि कप बाबांच्या हातात दिला, माझ्या नाही.

सोमवारी साहेब दहाला दहा कमी असताना आले. तरुण, पातळ अंगाचे, स्वच्छ बूट. वाईट माणूस वाटले नाहीत. आईने दिलेलं पाणी उभ्याउभ्याच प्यायले. त्यांचा ड्रायव्हर दाराशी टेकून उभा राहिला. साहेबांनी कागद लावलेली पाटी काढली आणि मला हसून म्हणाले, "तू लांब हं."

मी भिंतीशी उभी राहिले. बाबांनी एकदाही चूक केली नाही. पट्टे, साखळी, खड खड खड. साहेब पुली बघून म्हणाले, "वा, युक्ती आहे." पेटी बसली. काठीचा पाना निघाला तेव्हा ते जवळ जाऊन बघून आले, "असं का?" तर बाबा म्हणाले, नीट दिसतं असं. मग बाबा चाकांपाशी गेले, एकेक करून हवा सोडली. साहेबांनी भुवया उडवल्या, पण कागदावर काही लिहिलं नाही. सगळं कालच्यासारखं चाललं होतं.

फक्त जीप कालच्याएवढी बसली नव्हती.

मी परत बघितलं. पुढचा भाग ठीक होता. मागून ती वर होती, दोन बोटं तरी. आणि एकदम माझ्या लक्षात आलं. काल तिन्ही वेळा मागच्या फाळक्यावर मी बसले होते. अठ्ठेचाळीस किलो. फट बघायला बसले होते आणि ती फट माझ्याच वजनाची होती. चार विटा टाकल्या असत्या तरी भागलं असतं, आदल्या दिवशी कळलं असतं तर. आता बाबा शेवटच्या चाकाशी वाकलेले, साहेब म्हणत होते, चला, बाहेरून बघू. ते आणि ड्रायव्हर अंगणात निघाले. बाबा उठून पुढच्या दाराकडे वळले, पाठ माझ्याकडे.

मी विचार केला नाही. फाळक्यावरून आत उडी मारली आणि दौऱ्याच्या सामानावरची ताडपत्री अंगावर ओढली.

जीप माझ्याखाली हलकेच दबली. बाबांनी पुढचं दार उघडलं, बसले, इंजिन सुरू केलं. मग काही क्षण नुसतं इंजिन. जीप हलली नाही. ताडपत्रीला रॉकेलचा वास येत होता, नाकाशी पाण्याचा कॅन. मी मनात म्हणत होते, निघा ना बाबा, निघा. गिअर पडला. वर चौकट आली असणार, कारण अंधार गडद झाला. काहीही घासलं नाही. मग उजेड ताडपत्रीच्या भोकांतून टोचायला लागला.

इंजिन बंद झालं.

"जमलं की," साहेबांचा आवाज. "बेचाळीस मिनिटं. मला खरं सांगायचं तर शंका होती. या, इथे सही करा."

बाबांची पावलं. ती साहेबांकडे गेली नाहीत, मागे आली. कडी सुटली, फाळका खाली पडला आणि ताडपत्री माझ्या अंगावरून निघाली. उन्हात मला काही दिसेना.

"उतर."

"बाबा..."

"उतर गं."

मी उतरले. ड्रायव्हर फिस्सकन हसला आणि साहेबांकडे बघून गप्प झाला.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"वजन आहे साहेब. हिच्याशिवाय जीप दारातून निघत नाही. ही आत आहे ते मला बसल्यावर कळलं, मागून दबली तेव्हा. तरी काढली मी बाहेर."

साहेबांनी मला बघितलं, दाराची चौकट बघितली, छपरावरचा तंबू बघितला. मग त्यांनी जे म्हटलं ते मी कधी विसरणार नाही, कारण ते चांगुलपणाने म्हटलं होतं.

"मग चार विटा टाका की. एवढंच ना? चढवलात तर तुम्हीच."

हो म्हणा. मी दात आवळून मनात ओरडत होते. एक शब्द, बाबा, हो म्हणा.

बाबांनी उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. त्यांनी तो तसाच धरला, साहेबांना नीट दिसेल एवढा वेळ.

"एवढाच जातो," बाबा म्हणाले. "मागच्या दौऱ्यापासून. आणि दोन महिन्यांपूर्वी तुम्ही विचारलंत, मदतनीस लागतो का. मी नाही म्हणालो. लागतो साहेब. तेरा वर्षं तो होता म्हणून तंबू चढला, तो होता म्हणून मी परत आलो. ते लिहा."

"ते लिहून आता काय होणार? ती जागा गेली."

"तरी लिहा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं. बाबांनी पाटी मागून घेतली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि परत दिली. "'गरजेनुसार' नाही. 'दर वेळी'." साहेबांनी खोडून 'दर वेळी' लिहिलं. बाबांनी मग सही केली.

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पदराने तोंड पुसून आत गेली, आणि आत बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

साहेबांनी नीट, आवाज न चढवता सांगितलं की या खांद्यावर दौऱ्याला पाठवणं त्यांना शक्य नाही. पुढचं काय ते वर लिहून विचारावं लागेल, तोवर बाबांनी घरीच थांबायचं. विहिरी उद्याच निघायला हव्यात, म्हणून शेजारच्या विभागाला आत्ताच फोन करतो. ते अंगणाच्या टोकाशी जाऊन फोनवर बोलले. आम्हाला ऐकू येत होतं. दोन माणसं पाठवा, ते म्हणाले. नाही, एकाने भागणार नाही, दोन.

मग ड्रायव्हरला म्हणाले, तंबू वर आहेच, जीप घेऊन चल. ड्रायव्हर बसायला गेला.

"थांब," बाबा म्हणाले. "चाकांत हवा नाहीये. रिम खाईल."

त्यांनी शेडमधून पायाचा पंप आणला. ड्रायव्हर म्हणाला, द्या, मी मारतो, पण बाबांनी ऐकल्यासारखं केलं नाही. मी नळीचं तोंड व्हॉल्व्हला धरून बसले. एका चाकाला दीडशेच्या वर पाय मारावे लागतात. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं, मग परत बघितलं नाही. ऊन चढत होतं. बाबा डावा हात जीपला टेकून पाय मारत होते, आणि ओठ हलत होते, मोजत असणार. प्रत्येक चाक झालं की खाली वाकून अंगठ्याने दाबून बघायचे, दोनदा, मग टोपण पिळायचे.

तिसऱ्या चाकाला दम लागला म्हणून थांबले.

"दोन पाठवतायत," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"पुली द्यायला जाशील तेव्हा सांग त्याला."

मी मान हलवली, ती त्यांनी बघितली नसावी, कारण पाय परत सुरू झाला होता.

चौथं चाक झालं. जीप पूर्ण उंचीला उभी राहिली, तंबूसकट, आमच्या घराच्या पत्र्याएवढी. ड्रायव्हरने ती हळू बाहेर काढली, साहेब स्वतः आपली गाडी चालवत मागोमाग. धूळ बसली. बाबा तिथेच उकिडवे बसले होते, मातीत उठलेल्या चाकांच्या चार खुणांच्या मधोमध, पंपाची नळी गुंडाळत, एक वेटोळं दुसऱ्यावर बरोबर बसवत.